जिवावर बेतलेले प्रवास आणि वाचलेले ग्रंथ



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत इतिहासावर काहीतरी लिहा, असा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. मी प्राध्यापक नाही. गिरणीतली पाळी संपवून, सुटीच्या दिवशी वाचनालयात बसून जे वाचले आणि वहीत टिपून ठेवले, तेवढीच माझी शिदोरी. त्यातलेच चार शब्द आपल्यापुढे ठेवतो.

आज आपल्या वस्तीतली मुले नोकरीसाठी दुबईला, कुवेतला जातात. विमानतळावर आई रडते, पण संध्याकाळी फोन येतो की पोहोचलो. दीड हजार वर्षांपूर्वी परदेशी जाणे म्हणजे काय होते? घरातून निघालेला माणूस पंधरा-सोळा वर्षांनी परत आला तर आला, नाहीतर वाळूत त्याची हाडे. असे प्रवास चीनमधल्या भिक्खूंनी केले. त्यांचा परदेश म्हणजे आपला देश. ते इथे सोने न्यायला आले नव्हते. बुद्धवचनाच्या प्रती करून न्यायला आले होते. वाटेत त्यांच्यावर जे प्रसंग गुदरले ते वाचताना अंगावर काटा येतो. पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळी आहे. मरण समोर उभे असताना या माणसांनी आधी कशाची काळजी केली, ती बघण्यासारखी आहे.

फाहियान : हाडांच्या खुणेवरून वाट

फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांगआन शहरातून निघाला. तेव्हा त्याने साठी ओलांडलेली असावी. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनचा हिशेब करतो. चीनमध्ये विनयपिटक अपुरे आणि तुटक होते. भिक्खूंनी कसे वागावे याचे नियमच धड मिळत नव्हते, म्हणून पूर्ण प्रत आणायची, एवढ्यासाठी तो चार सोबत्यांना घेऊन निघाला. वाटेत आणखी काही जण मिळाले.

पहिले संकट वाळवंटाचे. तो लिहितो की वर पाखरू नाही, खाली जनावर नाही, वाट कोणती ते कळायला दुसरी खूण नाही. आधी मेलेल्या माणसांची हाडे पडलेली असत, तीच खूण. सतरा दिवस ते असे चालले. पुढे पामीरचे पहाड लागले. मग सिंधू नदीचा कडा. तिथे खडक फोडून वाट केलेली, सातशे पायऱ्यांची उतरण आणि खाली नदीवर दोरांचा झुलता पूल. खाली पाहिले की डोळे फिरत, असे तो स्वतःच कबूल करतो.

अफगाणिस्तानकडच्या बर्फाच्या डोंगरात त्याचा सोबती हुइ-चिंग गेला. थंड वाऱ्याने सगळे गारठले, बोलता येईना. हुइ-चिंगच्या तोंडाला फेस आला. मी काही जगत नाही, तुम्ही पुढे निघा, नाहीतर सगळेच मराल, असे त्याने सांगितले आणि प्राण सोडला. म्हातारा फाहियान त्याच्या देहावरून हात फिरवत रडला आणि पुढे निघाला. काही सोबती आधीच परत फिरले होते. ताओ-चेंग नावाचा सोबती भारतात पोहोचला, पण इथला भिक्खूसंघ पाहून त्याने इथेच राहायचे ठरवले. राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर फाहियान एकटा रात्रभर राहिला. डोंगरात वाघ-सिंह फिरतात म्हणून सोबत आलेले दोघे स्थानिक भिक्खू खाली निघून गेले होते. पाटलिपुत्रात तो तीन वर्षे राहिला, संस्कृत शिकला आणि आपल्या हाताने विनयाची नक्कल केली. पुढे ताम्रलिप्तीला दोन वर्षे, सिंहलद्वीपात दोन वर्षे, हेच काम.

सिंहलद्वीपात एके दिवशी बुद्धमूर्तीपुढे कुणा व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी पांढऱ्या रेशमाचा पंखा त्याला दिसला. इतक्या वर्षांत आपल्या मुलखातला माणूस नाही, झाड नाही. पंखा पाहून त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. हे वाचले की हे लोक दगडाचे नव्हते हे कळते.

गळके जहाज आणि निर्जन बेटाची धमकी

परतीचा प्रवास समुद्राचा. जहाजावर दोनशेच्या वर माणसे, मागे दोराने बांधलेली एक लहान होडी. दोन दिवस वारा बरा होता, मग वादळ झाले. जहाजाला भोक पडले, पाणी आत येऊ लागले. व्यापारी होडीकडे धावले. होडीतल्यांना वाटले, इतके लोक चढले तर आपणही बुडू, म्हणून त्यांनी दोरच कापला. मग जहाज हलके करायला जो तो जड सामान समुद्रात फेकू लागला. फाहियानने आपला पाण्याचा घडा आणि हात धुण्याचे भांडे फेकले. आता आपले ग्रंथ आणि मूर्तीही हे लोक फेकतील, ही त्याला धास्ती. तो मनात अवलोकितेश्वराचा धावा करत होता, तो ग्रंथ सुखरूप घरी पोहोचावेत म्हणून. तेरा दिवस-रात्र वादळ चालले. शेवटी एका बेटाला लागून भोक बुजवले आणि पुढे नव्वद दिवसांनी जहाज जावा बेटाच्या बाजूला पोहोचले.

तिथे पाच महिने थांबून तो दुसऱ्या जहाजात बसला. महिनाभरात पुन्हा काळे वादळ. जहाजावरच्या काही ब्राह्मणांनी आपसात ठरवले की हा श्रमण जहाजावर आहे म्हणून आपल्यावर संकट आले, एका माणसापायी सगळ्यांनी का मरायचे, याला एखाद्या बेटावर सोडून द्या. तेव्हा फाहियानचा एक दायक उभा राहिला. त्याला उतरवणार असाल तर मलाही उतरवा, नाहीतर मला मारून टाका, पण चीनला पोहोचलो तर राजाकडे तक्रार करीन आणि तो राजा बुद्धाला मानणारा आहे, असे त्याने बजावले. लोक कचरले आणि फाहियान वाचला. बांधवांनो, आता बघा. ज्याचे नावही आपल्याला माहीत नाही असा एक साधा उपासक त्या दिवशी गप्प बसला असता तर विनयाची ती प्रत त्या बेटावरच कुजली असती. इतिहासात मोठ्यांची नावे राहतात, पण कितीतरी वेळा काम वाचते ते अशा माणसामुळे.

पन्नास दिवसांचा प्रवास, सत्तर दिवस उलटले तरी किनारा नाही. पिण्याचे पाणी संपत आले, समुद्राच्या पाण्यात अन्न शिजवू लागले. अखेर इ. स. ४१२ मध्ये जहाज शांतुंगच्या किनाऱ्याला लागले. कोणता देश ते कळेना. तिथली ओळखीची भाजी पाहून समजले की आपण चीनमध्ये आलो.

ह्यु-एन-त्संग : पाणी सांडले तरी पाऊल पश्चिमेकडे

दुसरा मोठा प्रवासी ह्यु-एन-त्संग. नव्या पुस्तकांत याला शुआनझांग म्हणतात. साधारण इ. स. ६२९ मध्ये तो निघाला. त्या वेळी देशाबाहेर जायला बादशहाची बंदी होती, त्यामुळे तो रात्री चाले आणि दिवसा लपे. सीमेवर पाणवठ्यांजवळ पहाऱ्याचे बुरूज होते. पहिल्या बुरुजापाशी तो पाणी भरायला गेला, तर सूं करून एक बाण आला आणि गुडघ्याला लागता लागता राहिला. मग दुसरा. मी राजधानीहून आलेला भिक्खू आहे, बाण मारू नका, असे तो ओरडला. बुरुजावरचा अधिकारी धम्माला मानणारा निघाला म्हणून सुटका झाली. त्याच्याही आधी, वाटाड्या म्हणून घेतलेला तरुण रात्री सुरा उपसून त्याच्या दिशेने आला होता. काय मनात आले कोण जाणे, परत फिरला. सकाळी तो तरुण सोडून गेला आणि हा वाळवंटात एकटा राहिला. सोबत एक म्हातारा, रोडावलेला लाल घोडा. तो घोडा या वाटेने अनेकदा गेलेला आहे, असे सांगून एका म्हाताऱ्याने दिलेला.

वाळवंटात तो वाट चुकला. पाणी प्यायला पखाल उतरवली, ती हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. आमच्या साचेखात्यात उन्हाळ्याच्या दिवसात अर्धा तास पाणी नाही मिळाले तर जीव कासावीस व्हायचा. इथे तर पाण्याचा थेंब नाही आणि शेकडो मैल वाळू. तो मागे फिरला. थोडे अंतर परतही आला. मग त्याला आठवले की भारतात पोहोचेपर्यंत पूर्वेकडे एक पाऊलही टाकणार नाही, असा आपण निश्चय केला आहे. पूर्वेकडे जाऊन जगण्यापेक्षा पश्चिमेकडे जाऊन मेलेले बरे, असे म्हणून त्याने घोडा वळवला. चार रात्री, पाच दिवस पाणी नाही. शेवटी वाळूत पडून राहिला. पाचव्या रात्री गार वारा सुटला, जरा शुद्ध आली, पुन्हा निघाला. घोडा एकाएकी वेगळ्याच दिशेला ओढ घेऊ लागला आणि गवताच्या पट्ट्यात, पाण्याच्या डबक्याशी येऊन थांबला. याला कोणी चमत्कार म्हणेल. मी म्हणतो, म्हाताऱ्या घोड्याला वाट ठाऊक होती. अनुभवी जनावराचे ऐकले, म्हणून माणूस जगला.

पुढचे संकट वेगळ्या जातीचे, प्रेमाचे. तुर्फानकडच्या राजाने त्याचा एवढा मान केला की जाऊच देईना. आमचा गुरू म्हणून इथेच राहा, नाही म्हणालास तर परत चीनला पाठवतो, असे सांगू लागला. ह्यु-एन-त्संगने अन्नपाणी सोडले. तीन दिवस झाले, श्वास मंदावला, तेव्हा राजा वरमला. मग त्याच राजाने घोडे, सोने, गरम कपडे आणि पुढच्या चोवीस राज्यांसाठी पत्रे दिली. तरीही तिएनशान पर्वताचा बर्फ ओलांडताना सात दिवसांत दहातली तीन-चार माणसे थंडीने आणि भुकेने गेली.

पंजाबात पळसाच्या जंगलात पन्नास दरोडेखोरांनी सगळ्यांचे कपडेलत्ते लुटले आणि त्यांना मारायला एका कोरड्या तळ्याकडे हाकलत नेले. तळ्याच्या काठाला पाणी वाहून जायचे भोक होते. त्यातून तो आणि एक श्रामणेर निसटले. शेतात नांगर धरलेला एक ब्राह्मण भेटला. त्याने लगेच शंख फुंकला, ढोल वाजवला, ऐंशीएक गावकरी हत्यारे घेऊन धावले आणि बाकीच्यांना सोडवले. जहाजावर फाहियानला बेटावर सोडा म्हणणारेही ब्राह्मण होते आणि इथे मदतीला धावलेलाही ब्राह्मण होता. इतिहास सांगायचा तर दोन्ही सांगायचे, असे मला वाटते. सगळे रडत होते, हा मात्र हसत होता. विचारले तर म्हणाला, सगळ्यात मोठे धन म्हणजे जीव, तो तर शाबूत आहे.

गंगेवरचा प्रसंग आणखी भयंकर. अयोध्येहून नावेने जाताना अशोकाच्या राईतून चाच्यांच्या दहाएक होड्या आल्या. ते दुर्गेचे भक्त होते आणि दरवर्षी शरद ऋतूत एखादा देखणा माणूस पकडून बळी देत. ह्यु-एन-त्संग अंगापिंडाने उमदा, त्याच्याकडे पाहून ते खूश झाले. मातीचा ओटा केला, त्याला वर बसवले, सुऱ्या काढल्या. तो म्हणाला, मला थोडा वेळ द्या, शांत मनाने जाऊ द्या. आणि ध्यानाला बसला. इतक्यात वावटळ उठली, झाडे मोडली, नदी खवळली, होड्या उलटल्या. चाचे घाबरले आणि त्याच्या पाया पडले. चरित्रकाराने हे भक्तिभावाने लिहिले आहे. आपण चमत्कार मानत नाही. गंगेच्या खोऱ्यात वादळ कधीही उठते. पण सुरा समोर असताना ज्याचे मन शांत राहिले, त्या माणसाला मी मानतो.

सिंधू नदीत गेलेल्या पन्नास पोथ्या

तो नालंदेत शिकला, देशभर फिरला. आपल्या महाराष्ट्रातही आला. पुलकेशी राजाचे राज्य त्याने पाहिले. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत, असे लिहून ठेवले. शंभरावर विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्खू त्याने नोंदवले. दरीतल्या ज्या विहाराचे त्याने वर्णन केले आहे, दाराशी दोन बाजूंना दगडी हत्ती असलेला, ते अजिंठा असावे असे अभ्यासक मानतात.

परत जाताना सिंधू नदी लागली. तो हत्तीवरून पार झाला. ग्रंथ आणि सोबतची माणसे नावेत होती. नदीच्या मध्यावर वादळ झाले, नाव हेलकावली. ग्रंथ राखायला ठेवलेला माणूस भिऊन पाण्यात पडला. त्याला वाचवले, पण पन्नास पोथ्या आणि फुलांच्या बियांचे गाठोडे गेले. वाळवंटात पाणी सांडले तेव्हा हा थांबला नव्हता. इथे मात्र पन्नासहून अधिक दिवस थांबला. माणसे पाठवून हरवलेल्या पोथ्यांच्या प्रती पुन्हा करून घेतल्या आणि मगच पुढे निघाला. पामीरात दरोडेखोर मागे लागले तेव्हा त्याचा हत्ती पाण्यात बुडून मेला. इ. स. ६४५ मध्ये तो चांगआनला पोहोचला तेव्हा त्याच्याजवळ ६५७ ग्रंथ होते. मग जवळजवळ वीस वर्षे, ६६४ मध्ये मरेपर्यंत, भाषांतर एके भाषांतर.

इत्सिंग : अंगाला चिखल फासून

तिसरा इत्सिंग, ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघालेला. ताम्रलिप्तीहून मगधाकडे चालत जाताना तो आजारी पडला आणि तांड्याच्या मागे राहिला. संध्याकाळी डोंगरात दरोडेखोरांनी गाठले, बाण रोखून अंगावरचे सगळे कपडे काढून घेतले. या मुलखात गोऱ्या माणसाला पकडून बळी देतात, असे त्याने ऐकले होते. तेव्हा तो एका चिखलाच्या खड्ड्यात शिरला, सर्वांगाला चिखल फासला, पाने गुंडाळली आणि काठी टेकत अंधारात चालत राहिला. मध्यरात्रीच्या सुमारास सोबती भेटले. त्यांनी कपडे दिले, तळ्यात अंघोळ घातली. अशा अवस्थेतला माणूस पुढे नालंदेत दहाएक वर्षे शिकला.

परतीच्या वाटेवर सुमात्रातल्या श्रीविजय इथे त्याने भाषांतराचे काम मांडले. ६८९ मध्ये कागद, शाई आणि मदतीला माणसे पाठवा असे पत्र चीनला द्यायला तो जहाजावर चढला. तेवढ्यात वारा अनुकूल झाला, शिडे उभारली आणि जहाज त्याला घेऊनच निघाले. पोहोचला तो थेट कँटनला. सोळा-अठरा वर्षांनी मायदेशी पाय लागला होता, राहिला असता तर कुणी बोल लावला नसता. पण ग्रंथ श्रीविजयला राहिले होते. त्याच वर्षी तो मदतनीस घेऊन परत समुद्रावर गेला आणि ६९५ मध्ये साधारण चारशे ग्रंथांसह परतला. आपल्यासारख्या पन्नासहून अधिक भिक्खूंची चरित्रेही त्याने लिहिली. त्यातले कितीतरी वाटेतच मेले. त्याने लिहिले नसते तर त्यांचे नावही उरले नसते.

या कष्टांचे पुढे काय झाले

काही शतकांनी आपल्याच देशात धम्म नाहीसा झाला. नालंदा मातीखाली गेली. कुशीनगर कुठे, श्रावस्ती कुठे, हे इथे कोणी सांगू शकेना. १९व्या शतकात युरोपात फाहियान आणि ह्यु-एन-त्संग यांच्या पुस्तकांची भाषांतरे झाली. ती हातात घेऊन अलेक्झांडर कनिंगहॅम १८६१ पासून उत्तर हिंदुस्थानात फिरला. अमक्या नगरापासून अमक्या दिशेला इतक्या अंतरावर स्तूप आहे, असे ह्यु-एन-त्संगने लिहिलेले. त्या हिशेबाने टेकाडे शोधत त्याने नालंदा, कुशीनगर, श्रावस्तीच्या जागा ओळखल्या. आज आपल्या वस्तीतून बुद्धगया-कुशीनगर यात्रेच्या बसेस निघतात, त्या बसेसची वाट या प्रवाशांच्या कागदांनी दाखवली. म्हणजे परक्या माणसांनी जीव धोक्यात घालून लिहिले, म्हणून आपल्याला आपला इतिहास परत मिळाला.

ग्रंथ गमावण्याचे दुःख आपल्या बाबासाहेबांनाही चुकले नाही. पहिल्या महायुद्धात शिक्षण अर्धवट टाकून ते लंडनहून निघाले आणि २१ ऑगस्ट १९१७ ला मुंबईत पोहोचले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली होती. ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. माणूस वाचला, ग्रंथ गेले. ते खचले नाहीत. १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, शिक्षण पुरे केले, पुन्हा पुस्तके जमवली आणि त्या पुस्तकांसाठी दादरला घर बांधले. त्या घराचे नाव राजगृह. ज्या राजगृहाच्या डोंगरावर फाहियान एकटा रात्रभर बसला होता, तेच नाव.

माझे एवढेच सांगणे आहे. आपल्या चाळी पाडल्या जात आहेत, मोठ्या इमारती उभ्या राहत आहेत. घर रिकामे करताना भांडी, टीव्ही, कपाट आपण जपून नेतो आणि रद्दीवाल्याला पहिली दिली जातात ती पुस्तके. आजोबांची वही, १९५६ च्या दीक्षेच्या वेळचे फोटो, जुनी पत्रके, विहाराच्या पहिल्या सभेचे इतिवृत्त, हे किलोच्या भावाने जाते. फाहियानने बुडत्या जहाजावर घडा फेकला, ग्रंथ राखले. आपले जहाज काही बुडत नाही. विहारातल्या कपाटाला एक कुलूप, एक नोंदवही आणि दर रविवारी तासभर बसणारी दोन तरुण मुले-मुली, एवढे केले तरी पुष्कळ. ज्यांच्या घरी जुने कागद असतील त्यांनी ते विहारात आणून द्यावेत, निदान फोटो काढू द्यावेत. वयस्क आयाबायांना लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी लिहून घ्यावे. कोण कुठल्या गावाहून आले, पहिली पौर्णिमा कुठे साजरी केली, विहाराच्या विटा कोणी वाहिल्या, हे आज लिहिले तरच पुढच्यांना कळेल.

सर्वांना वर्धापनदिनाच्या मंगल कामना.

नमो बुद्धाय! जयभीम!